हरलेल्या गृहीतकाचा मान

सत्य हे भगवंताचे रूप आहे, असे आपण फार सहज म्हणतो. म्हणतो, हात जोडतो, आणि तेच सत्य आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले की त्याला दाराबाहेर थांबवतो. जिंकताना सत्य सगळ्यांनाच गोड लागते, मायबाप. हरताना ज्याला ते गोड लागते, त्याच्या पायाशी घटकाभर बसावे. आज ज्या बाईंची कथा सांगायची आहे, त्या कोणी थोर विदुषी नव्हेत. त्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत, दोन बस बदलून कामावर येत, आणि जिन्याखालच्या ज्या खोलीत त्यांचे टेबल होते तिथे फुटके काळे फळे आणि जुने पंखेही ठेवलेले असत. परंतु त्या टेबलाशी जे वागणे घडले, ते संगमरवरी सभागृहांतही क्वचित घडते.

विद्यार्थी त्यांना ‘पुरावाबाई’ म्हणत. वर्गात कोणी म्हणाले, "बोनस दिला की माणसं जास्त काम करतात," तर बाई खडू खाली ठेवत, मान तिरकी करत आणि विचारत, "कोण म्हणतं? पुरावा?" एकदा हजेरी घेताना एक मुलगा "हजर" म्हणाला आणि मागून दुसऱ्याने विचारले, "पुरावा?" त्या दिवशी सर्वांत आधी बाईच हसल्या होत्या.

विद्यापीठात येण्यापूर्वी बाई एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत पर्यवेक्षक होत्या. लाँड्री म्हणजे तळघरातले एक वेगळेच जग. एका टोकाला मळक्या चादरींचे डोंगर, मध्ये गरगरणारी यंत्रे, पुढे वाफेच्या इस्त्र्या, आणि अगदी शेवटी बांधणीचे लांब टेबल. धुतलेल्या, घडी घातलेल्या कपड्यांचे गठ्ठे त्या टेबलावर वॉर्डांप्रमाणे बांधले जात. बाळंतिणींच्या वॉर्डाचा गठ्ठा हाडांच्या वॉर्डात गेला, शस्त्रक्रियेचे झगे भलतीकडे गेले, की वरच्या मजल्यावर आरडाओरडा आणि खालच्या मजल्यावर खाली घातलेल्या माना. बाईंनी तिथे एक प्रथा सुरू केली. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांनी बांधणीच्या टेबलाभोवती उभे राहायचे, काल काय चुकले ते बोलायचे, आज काय जपायचे ते ठरवायचे, आणि मग कामाला लागायचे. बैठक म्हणायची, पण बसायचे कोणी नाही.

चुका घटल्या. इस्पितळाने बाईंचा सत्कार केला. इतर लाँड्र्यांनी ही उभी बैठक उचलली. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही असल्या बैठकांचे गोडवे गायलेले होतेच. दुसरी कोणी असती तर त्या सत्काराच्या उशीवर डोके ठेवून जन्मभर झोपली असती. पण बाईंना एक काटा टोचत राहिला. ज्या वर्षी बैठक सुरू झाली, त्याच वर्षी गठ्ठ्यांना रंगीत दोऱ्याही आल्या होत्या, एकेका वॉर्डाला एकेक रंग. मग चुका कमी केल्या कोणी? बोलण्याने की दोऱ्यांनी? एका घरात दोन सुना एकाच दिवशी आल्या आणि त्या दिवसापासून स्वयंपाक सुधारला, तर कौतुक कोणत्या सुनेचे करायचे?

या एका काट्यापायी बाई संशोधनाकडे वळल्या. चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातले. सासूबाई म्हणाल्या, "आता कुठे मुलीचं शिक्षण संपतंय, तर ही दप्तर घेऊन निघाली." नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करी. त्याने एवढेच विचारले, "संध्याकाळी घरी असशील ना? बस्स."

संशोधनाची रीत तशी सरळ असते. आधी आपला अंदाज स्पष्ट शब्दांत मांडायचा, त्यालाच गृहीतक म्हणतात. मग तो अंदाज खोटा पडू शकेल अशी कठोर परीक्षा योजायची. मग जे येईल ते स्वीकारायचे. बाईंनी शहरातल्या निरनिराळ्या इस्पितळांच्या लाँड्र्या निवडल्या. सगळीकडे रंगीत दोऱ्या होत्याच, म्हणजे तो प्रश्न मिटला. आता कोणत्या लाँड्रीत बैठक घ्यायची आणि कोणत्या लाँड्रीत नाही, हे ठरवायचे कसे? स्वतः ठरवले तर मन आवडत्या बाजूला झुकणार. म्हणून सगळ्या लाँड्र्यांच्या प्रमुखांना एकत्र बोलावून त्यांच्यासमोर चिठ्ठ्या टाकल्या. आणि देवाची लीला पाहा, बाईंच्या स्वतःच्या जुन्या लाँड्रीला ‘बैठक नाही’ ही चिठ्ठी आली.

बाईंच्या जागी आता तिथली मुकादमीण प्रमुख होती. बाईंची जुनी सहकारी, जिभेने तिखट, मनाने लोणी. ती म्हणाली, "हे बरंय. सवय तूच लावलीस, आता तूच मोडतेस. माणसं विचारतील, आम्ही काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही गं. चिठ्ठी आली तशी. तुमच्याकडे बैठक बंद झाली आणि चुका वाढल्या, की माझं म्हणणं खरं ठरेल."

"आणि नाही वाढल्या तर?"

"तर माझं म्हणणं खोटं."

हे बोलणे सगळ्यांदेखत झाले. बाईंचा अंदाज काय आहे, तो कधी खरा आणि कधी खोटा, हे इस्त्रीवाल्यापासून गठ्ठे वाहणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी कानांनी ऐकले. हे लक्षात असू द्या, कारण पुढची सारी लढाई याच बोललेल्या शब्दासाठी झाली.

मोजणी वर्षभर चालली. आकडे आले. बैठक घेणाऱ्या लाँड्र्यांत आणि न घेणाऱ्या लाँड्र्यांत चुकांचा फरक नव्हता. थोडासुद्धा नव्हता. बाईंनी पुन्हा तपासले, दुसऱ्या रीतीने तपासले, एका संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घेतले. बैठक हरली होती. ज्या गोष्टीसाठी सत्कार झाला, ज्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचा जीव होता, ती हरली होती.

दुसऱ्या दिवशी बाई उठून लाँड्रीत गेल्या आणि जसे सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, तसेच सगळ्यांदेखत सांगितले. मुकादमिणीने हातातली चादर झटकली.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही उगाच उभे राहत होतो?"

"गठ्ठ्यांच्या चुकांपुरतं बोलायचं तर, हो."

"आणि हे तू छापणार?"

"छापणार."

"बाई, स्वतःचं नाक कापून वर आरसा मागतेस तू," मुकादमीण म्हणाली, आणि मग सगळे हसले, बाईही हसल्या. मनावरचा दगड तिथेच उतरला. खरा दगड पुढे वाट पाहत होता.

बाईंचे मार्गदर्शक सर हा अत्यंत प्रेमळ माणूस. विद्यार्थ्याच्या घरी आजारपण असले तर स्वतः चौकशीला जाणारा. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि मायेने म्हणाले, "बाई, घाबरू नका. मार्ग आहे. या दुसऱ्या तक्त्यात बघा. जिथे बांधणीच्या टेबलावर माणसं सारखी बदलत नाहीत, तिथे चुका कमी आहेत. सुंदर निष्कर्ष आहे. हेच आपलं गृहीतक."

"पण सर, माझं गृहीतक ते नव्हतं."

"नव्हतं, ते आता होईल. पहिलं प्रकरण नव्याने लिहा. सुरुवातीपासून तुम्हाला हेच तपासायचं होतं, असं मांडा. बैठकीचा उल्लेख एका परिच्छेदात उरकून टाका. त्यात खोटं काय आहे? आकडा तर खरा आहे ना?"

आता ही गोष्ट नीट समजून घ्या. बाईंनी अनेक गोष्टी नोंदल्या होत्या: वय, अनुभव, पाळी, टेबलाची उंची, माणसांची अदलाबदल. वीस दगड उलटले की एखाद्याखाली विंचू सापडतोच. सापडला तर जरूर सांगावे की विंचू सापडला, पुन्हा शोधून पाहू. पण ‘मी विंचू याच दगडाखाली आहे असे आधीच ओळखले होते’ अशी बढाई मारली, तर ती भविष्यवाणी होत नाही, बनवाबनवी होते. बाण आधी मारायचा आणि जिथे रुतला तिथे भोवती वर्तुळ काढायचे, अशी ती नेमबाजी. या रीतीला त्या विभागात नाव नव्हते, नियम नव्हता, ती तिथल्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती फक्त चहाच्या पेल्यामागून, प्रेमाने, हळू आवाजात सांगितली जाई, आणि पिढ्यानपिढ्या पाळली जाई.

बाई म्हणाल्या, "सर, लाँड्रीतल्या सगळ्यांना मी माझा अंदाज तोंडाने सांगितलाय."

"ते थोडेच प्रबंध वाचणारेत?"

"मी वाचणार आहे ना."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "ऐका माझं. वर्षअखेरीला तात्पुरत्या नेमणुका संपतायत. पदवी हातात नसेल तर तुमची जागा जाईल. आणि तुमचं एकटीचं नाही. विद्वत परिषदेत आपल्या विभागाची पीएच.डी. बंद करून आपल्याला वाणिज्य शाखेच्या कोपऱ्यात ढकलायचं चाललंय. म्हणतात, व्यवस्थापन ही विद्याच नाही. अशा वेळी ‘आमचा सिद्धांत खोटा ठरला’ असा प्रबंध घेऊन जायचं? घराला आग लागलेली असताना खिडकी उघडू नये."

"धूर कोंडलाय, सर. उघडायलाच हवी."

परिषदेत ही आग लावणाऱ्यांत एक जण बाईंच्या घरचाच होता. त्यांचा धाकटा दीर. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, पक्क्या नोकरीचा, बुद्धीने तल्लख आणि जिभेने त्याहून तल्लख. तो रविवारी जेवायला आला.

"काय वहिनी, तुमचं शास्त्र काय म्हणतंय? आज भात आधी वाढायचा की नंतर, यावर काही मॉडेल?"

"आधी हात धुवायचे, यावर आहे. तुम्ही कुठे ऐकता?"

सासूबाई हसल्या. दीर हात धुऊन आला, पण थांबला नाही. "थट्टा सोडा. मी तुमच्या विभागाचे प्रबंध चाळले. एकूण एक प्रबंधात गृहीतक खरं ठरलंय. एकाचंही चुकलेलं नाही. वहिनी, इतके भविष्यवेत्ते एका इमारतीत बसतात, आणि आम्ही उगाच प्रयोगशाळेत डोकं फोडून घेतो. आमची दहातली नऊ भाकितं आपटतात. ज्या विषयात कोणीच कधी चुकत नाही, त्याला मी विद्या कशी म्हणू?"

बाण वर्मी बसला होता, आणि तो खरा होता. बाईंनी घास खाली ठेवला.

"भाऊजी, अर्धं बरोबर बोललात. आमचे लोक चुका लपवतात, हे खरं. पण म्हणून आमचा प्रश्न हलका? तुमच्या गोळ्याला उतारावरून सोडलं की तो घरंगळतो. आपल्याला कोण बघतंय म्हणून लाजत नाही, बोनस कापला म्हणून फुगून बसत नाही. आमच्याकडे बांधणीच्या टेबलावरची बाई मी आल्याचं बघते आणि त्या दिवशी नीट बांधते. मग मला महिनाभर जाऊन बसावं लागतं, तिचं बघणं थांबेपर्यंत. हे काम अवघड आहे. अवघड म्हणजे हलकं नव्हे."

"मग चुकलेलं दाखवा एखादं."

"दाखवते," बाई म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी नाही."

दीर गेल्यावर नवरा ताटे उचलता उचलता म्हणाला, "तू ते बदलून लिहिलंस आणि पक्की झालीस, तर रोज सकाळी ते तोंड मलाच बघायचंय. मला आहे हेच तोंड बरं वाटतं." काय सांगावे, मायबाप, वेदान्ताचे ग्रंथ एका पारड्यात आणि संसारातले असे एक वाक्य दुसऱ्यात.

बाईंनी प्रबंध लिहिला. पहिल्या प्रकरणात आपला अंदाज, जसा बोलला तसा. चौथ्या प्रकरणात त्याचा पराभव, काहीही न झाकता. पाचव्यात अदलाबदलीचा तो दुसरा धागा, आणि त्याच्या मथळ्याखाली स्पष्ट वाक्य: ‘हे आम्ही शोधायला गेलो नव्हतो. शोधताना दिसले. हे सिद्ध झालेले नाही. दुसऱ्या कोणीतरी तपासावे.’ सरांनी पुन्हा समजावले, मग हताश होऊन सही केली. "मी अडवणार नाही. पण वाचवूही शकणार नाही."

मौखिक परीक्षा विभागाच्या सभागृहात, सर्वांसाठी खुली होती. लाकडी खुर्च्या, भिंतीवर पिवळा पडलेला पडदा, टेबलापाशी तीन परीक्षक. मध्ये अध्यक्ष म्हणून शाखेचे अधिष्ठाता, उजवीकडे बाहेरच्या विद्यापीठातून आलेले नामांकित परीक्षक, डावीकडे मार्गदर्शक सर. मागच्या रांगेत दीर येऊन बसला होता, हाताची घडी घालून.

बाईंनी आपले काम मांडले. बाहेरच्या परीक्षकांनी पाने उलटली.

"बाई, मेहनत मोठी आहे. पण हाती काय लागलं? बैठकीने काही होत नाही. मग तुमचं योगदान काय?"

"ठिकठिकाणच्या लाँड्र्यांत रोज माणसं उभी करून ठेवतात, चुका घटतील या भरवशावर. तो भरवसा खोटा आहे, एवढं आता माहीत झालं. मी स्वतः तो पसरवलाय. खोटी आशा एकाने पसरवली तर ती गोळा करणं हेही योगदानच."

"पण नकारात्मक निष्कर्षावर पदवी द्यायची म्हणजे..."

"प्रश्न नीट विचारला होता का, हे तपासा. परीक्षा कडक होती का, ते तपासा. त्यात खोट सापडली तर मला नापास करा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण उत्तर आवडलं नाही म्हणून नापास करू नका."

मागून दीर उठला. "खुली परीक्षा आहे म्हणून विचारतो. या प्रबंधावरून असं म्हणता येईल का, की व्यवस्थापनाच्या पुस्तकांतलं बरंच काही पोकळ आहे?"

सभागृहात चुळबूळ झाली. सरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी दिराकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात वहिनीपण नव्हते.

"म्हणता येईल. आणि हेही म्हणता येईल की ते पोकळ आहे हे शोधलं कोणी, तर व्यवस्थापनाच्याच एका विद्यार्थिनीने, व्यवस्थापनाच्याच पद्धतीने. तुमच्या प्रयोगशाळेत भाकीत आपटतं तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावता का? आम्हाला कुलूप का? आम्ही कोणाच्या कोपऱ्यात जाणार नाही. आम्हाला आमचं हरणं आमच्या घरात मोजू द्या."

दीर खाली बसला.

मग अध्यक्ष खाकरले. आवाज मऊ, चेहरा काळजीचा. "बाई, कोणालाही तुमचं नुकसान नकोय. आम्ही तिघे बोललो. एक सोपी सुधारणा करा. अदलाबदलीचा मुद्दा मुख्य गृहीतक म्हणून पुढे आणा, बैठकीचं प्रकरण परिशिष्टात टाका. आठवड्याचं काम. पदवी लगेच मंजूर."

नोकरी समोर ठेवलेली होती. हात पुढे केला की मिळाली. बाईंनी टेबलावरचा अहवालाचा कागद पाहिला. परीक्षकांच्या सह्यांच्या वर त्यात एक रकाना होता: ‘आवश्यक सुधारणा’.

"सुधारणा मला मान्य असतील किंवा नसतील," त्या म्हणाल्या, "पण त्या या रकान्यात लिहून द्या. ‘निष्कर्ष कळल्यानंतर गृहीतक बदलावे, आणि ते आधीपासून तेच होते असे दाखवावे.’ एवढंच वाक्य. खाली तिघांच्या सह्या. नियमानुसार प्रबंधासोबत तो कागद ग्रंथालयात राहील."

"असं लिहायचं नसतं, बाई."

"मग करायचं कसं असतं?"

अध्यक्षांनी कागद ओढला, पेन उघडले, रकान्यावर टेकवले आणि तसेच थांबले. काही क्षणांनी त्यांनी कागद बाहेरच्या परीक्षकांकडे सरकवला. "तुमची सूचना होती, तुम्ही लिहा." नामांकित परीक्षकांनी ते वाक्य मनातल्या मनात जुळवून पाहिले असावे, कारण त्यांचे ओठ हलले आणि चेहरा उतरला. ज्या हाताने इतकी पुस्तके लिहिली, त्या हाताला एवढे एक वाक्य लिहिता येईना. कानात सांगण्यासारखी गोष्ट कागदावर मावत नव्हती. पेन टेबलावर पुढे ढकलले गेले आणि मार्गदर्शक सरांपाशी येऊन थांबले.

सरांनी बाईंकडे पाहिले. मग मान खाली घालून, ठळक अक्षरांत, त्यांनी त्या रकान्यात लिहिले: ‘सुधारणा आवश्यक नाहीत. प्रबंध आहे तसा स्वीकारावा.’ स्वतःची सही केली आणि कागद उलट दिशेने सरकवला. बाहेरच्या परीक्षकांनी सही केली. अध्यक्षांनी बराच वेळ घेतला, पण सही केली.

सभागृह उठायच्या बेतात होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, एक सुधारणा आवश्यक आहे. पाचव्या प्रकरणात दोन आकृत्यांची नावं उलटी लागलीत. काल सापडलं. तेवढं लिहा."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. सरांनी पुन्हा पेन उघडले, ‘आवश्यक नाहीत’ हे शब्द एका रेघेने खोडले, आणि वर लिहू लागले.